खिसे तपासणारं घर

तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडवर उतरा. भिंतीवर, विजेच्या खांबावर, मुतारीच्या दारावर एक जाहिरात हमखास चिकटलेली असते: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. खाली मोबाइल नंबर. पुडी वरणात घाला, चहात घाला, चव लागत नाही, वास येत नाही. ही जाहिरात पिणाऱ्याने वाचावी म्हणून लावलेलीच नसते. ती असते त्याच्या बायकोसाठी, आईसाठी, बारावीतल्या मुलीसाठी. सगळे उपाय करून थकलेलं घरातलं कुणीतरी एक दिवस हा नंबर फिरवणार, हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. काही घरांत पुडीवाल्याचीही गरज उरत नाही. ओळखीच्या दुकानातून डायसल्फिरामच्या गोळ्या आणायच्या, खलबत्त्यात कुटायच्या आणि आमटीत मिसळायच्या. हे औषध खरं आहे, म्हणून तर धोका जास्त. १९४०च्या दशकात कोपनहेगनमधले येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरचं औषध म्हणून या द्रव्याचा अभ्यास करत होते. गोळ्या त्यांनी स्वतःवरच करून पाहिल्या आणि त्यानंतर थोडं मद्य पोटात जाताच त्यांची तब्येत बिघडली. त्यातून दारू सोडवण्याचं औषध हाती लागलं आणि १९४८ साली ‘लॅन्सेट’मधून ते जगापुढे आलं. दारू शरीरात गेली की यकृतात तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग ते मोडलं जातं. हे मोडण्याचं काम डायसल्फिराम अडवून धरतं. विष साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या लागतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावू शकतो. नकळत गोळी दिलेल्या माणसाला आपल्याला काय होतंय ते कळत नाही. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणणारा भाऊ डॉक्टरांना काही सांगू शकत नाही. आणि जिला सगळं ठाऊक असतं ती घाबरून गप्प उभी असते.

आता याच गोळीची दुसरी हकिकत. मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ अविनाश डिसूझा आणि ॲलन डिसूझा यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूच्या आहारी गेलेले १०० पुरुष निवडले, पण अट अशी की प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस हवं, जे गोळी रोज घेतली जातेय ना हे पाहील आणि तपासणीला सोबत येईल. निम्म्यांना डायसल्फिराम दिलं, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन हे तलफ कमी करणारं औषध. वर्षाअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, तर दुसऱ्या गटातले ४४ टक्के. कोणती गोळी चालू आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं आणि ही घरं मुळातच पाठीशी उभी राहणारी होती, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचला पाहिजे. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो. औषध तेच, देणारे हातही पुष्कळदा तेच. फरक एवढाच की इथे गोळी सगळ्यांच्या देखत घेतली जाते आणि घेणाऱ्याला ती का घ्यायची ते माहीत असतं.

व्यसनमुक्तीत कुटुंबाचा उपचार म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं उत्तर इथून सुरू होतं. घरातलं जे जे चोरून चाललेलं असतं ते उजेडात आणणं, आणि ते करताना घरच्यांनाही रुग्णाइतकीच मदत लागते हे मान्य करणं.

*

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात, नवरा-बायको दोघांची परवानगी घेऊन, मी त्यांच्या समुपदेशनाला बसले होते. तो कंपनीत फिटर, ती घरी ब्लाउज शिवणारी. त्याला दारू सोडून आठ महिने झाले होते, आणि भांडण त्यावरूनच चाललं होतं.

“आठ महिने झाले, मॅडम. दारात पाऊल टाकलं की ही अजून तोंडाजवळ तोंड आणते. पोरांच्या देखत. मी काय चोर आहे?”

ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, “यांनी गाडीचं स्टँड कसं लावलं त्या आवाजावरून मला कळायचं, किती झालीय ते. अकरा वर्षं तेच ऐकत बसले. आता हे साधे आले तरी माझ्या पोटात गोळा येतो. हात आपोआप खिशात जातो. मी मुद्दाम करते का?”

समुपदेशक ताईंनी “विश्वास ठेवा” असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा तपासता? ती बोटांवर मोजू लागली. आल्यावर वास, पँटचे खिसे, गाडीची डिकी, संडासची टाकी, मग रात्री फोनमधले मेसेज. शिवाय मोठी मुलगी. “तिला सांगते, पप्पांच्या पिशवीत बघून ये.” इथे तो एकदम गप्प झाला. मुलीचं त्याला माहीत नव्हतं.

मग दोघांमध्ये एक करार ठरला. याचा सांगाडा अमेरिकेतल्या टिमोथी ओफॅरल यांनी जोडप्यांबरोबर केलेल्या कामातून आलेला आहे. रोज एका ठरलेल्या वेळी दोघांनी समोरासमोर बसायचं. त्याने म्हणायचं, कालचा दिवस मी प्यायलो नाही, आजही पिणार नाही. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती तिच्यासमोर घ्यायची. तिने त्याबद्दल बरं वाटल्याचं मोकळेपणाने सांगायचं. कॅलेंडरवर खूण करायची आणि विषय तिथे संपवायचा. पूर्वी काय काय झालं आणि पुढे काय होईल, हे दोन्ही विषय घरी काढायचे नाहीत, त्यासाठी समुपदेशनाचा तास आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण वेळ ठरवण्यातच बराच वेळ गेला. सकाळी सात म्हटलं तर मुलगी शाळेला निघायची असते, आणि ती या प्रकाराची साक्षीदार व्हायला नको, असं बायकोचंच म्हणणं पडलं. मग सव्वासात. कालनिर्णय स्वयंपाकघरात लटकत होतं ते आतल्या खोलीत न्यायचं ठरलं. कामावरून उशीर झाला तर त्याने स्वतः फोन करायचा, तिने लावायचा नाही. आणि मुलीला आई-बाप दोघांनी मिळून सांगायचं की पिशवी बघायचं काम आता तुझं नाही.

“म्हणजे मी दिवसभर काहीच बघायचं नाही?” तिने विचारलं. तिच्या आवाजात सुटका नव्हती, भीती होती. अकरा वर्षांचं पहारा देण्याचं काम हातातून काढून घेतलं जात होतं. त्या कामाने घर सावरलं नव्हतं, हे खरं. पण आपण काहीतरी करतोय, एवढा आधार तरी तिला त्यातून मिळत होता.

*

पिणाऱ्याचं घर काय काय करतं, याची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. लग्न लावून द्या, अंगावर जबाबदारी पडली की सुधारेल. हा उपाय आजही चालतो, आणि मला तो सगळ्यांत क्रूर वाटतो, कारण त्यात दुसऱ्या घरची मुलगी औषध म्हणून आणली जाते आणि तिला ते सांगितलं जात नाही. मग मूल होऊ द्या. मग शपथ, देवीचा अंगारा, देवऋषी. मग माळ. माळेबद्दल मात्र मी सरसकट बोलणार नाही. तुळशीची माळ घालून ज्यांची दारू खरोखर सुटली अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांना दिंडी मिळते, भजनाची संध्याकाळ मिळते, न पिणारी सोबत मिळते. संध्याकाळचे जे तास गुत्त्यावर जायचे त्यांचा प्रश्न सुटतो. पण आईने जीव देण्याची धमकी देऊन गळ्यात घातलेली माळ पुष्कळदा खुंटीवर जाते, आणि मग पिण्याच्या जोडीला पापाचीही टोचणी लागते.

बाकी रोजची कामं आहेतच. साहेबांना फोन करून “ताप आलाय” सांगणं. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभं राहणं. किराणावाल्याची, पानवाल्याची, बारवाल्याची उधारी फेडणं. ओकारी पुसून मुलं उठायच्या आत लादी धुणं. पुस्तकी भाषेत याला व्यसनाला पाठीशी घालणं म्हणतात. हा शब्दप्रयोग मला जपून वापरावासा वाटतो. साहेबांना खोटं सांगितलं नाही तर पगार कापला जातो आणि मुलांची फी राहते, हे त्या बाईला समुपदेशकापेक्षा चांगलं कळत असतं.

बायकोकडे संशयाने बघण्याचा इतिहास फक्त आपला नाही. १९५३ मध्ये थेल्मा व्हेलन या अमेरिकी समाजकार्यकर्तीने दारुड्यांच्या बायकांचे चार नमुने मांडले. एक दुःख भोगण्यात रमणारी, एक नवऱ्यावर ताबा हवा असणारी, एक डळमळीत, एक शिक्षा करणारी. प्रत्येकीला एक टोपणनावही दिलं होतं. सूर असा की या बायकांनी आपल्या स्वभावाच्या गरजेपोटीच असा नवरा निवडला. पुढच्याच वर्षी जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्याला उत्तर दिलं. सिएटलमध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेत जाणाऱ्यांच्या बायका एकत्र जमायच्या. जॅक्सन त्यांच्यात दीर्घकाळ बसल्या, ऐकलं, नोंदी घेतल्या आणि मांडलं की बायकांचं हे वागणं स्वभावातून येत नाही, एका लांबलेल्या संकटातून येतं. ते टप्प्याटप्प्याने बदलत जातं.

त्यांचे सात टप्पे आपल्या कुठल्याही चाळीला किंवा वाडीला लागू पडतील. आधी घर नाकारतं: सगळेच घेतात, मित्रांमुळे झालं. मग दारू बंद करण्याची खटपट, आणि ती चार भिंतींत राहावी म्हणून नातेवाइकांशी, शेजाऱ्यांशी संबंध तोडत जाणं. मग विस्कटणं, जेव्हा बाईला वाटू लागतं की डोकं आपलंच फिरलंय. मग नवऱ्याला गृहीत न धरता संसार उभा करणं, बँकेचं खातं, शाळा, घरभाडं सगळं तिच्या नावावर येणं. मग माहेरी जाण्याचा किंवा वेगळं होण्याचा विचार. मग त्याला वगळून घर नव्याने बसवणं. आणि सातवा टप्पा: तो दारू सोडून परत येतो आणि त्याला घरात जागा करून द्यायची असते.

हा सातवा टप्पा कुणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, बाटली सुटली की सुखाचे दिवस आले. तसं होत नाही, हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सुरुवातीलाच दिसलं. ते सुरू झालं १९३५ साली, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून. बिलची पत्नी लोइस हिने नवऱ्याचं पिणं वर्षानुवर्षं सोसलं होतं, दुकानात नोकरी करून घर चालवलं होतं. आता तो प्यायचा थांबला, रोज संध्याकाळी मीटिंगला जाऊ लागला. एके दिवशी तो म्हणाला, चल लवकर, उशीर होतोय. लोइसने हातातला जोडा त्याच्या दिशेने भिरकावला. नंतर ती स्वतःलाच विचारत राहिली की इतका राग आला कुठून. जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते अनोळखी माणसांनी करून दाखवलं आणि आपली गरज उरली नाही, हे तिला लागलं होतं. मीटिंगला नवऱ्यांना सोडायला आलेल्या बायकांशी ती बोलू लागली. त्यातूनच १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी अल-अनॉन ही संघटना उभी राहिली. महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात.

*

आपल्या देशात घरच्यांना उपचारात घेण्याची वाट वेगळ्या दिशेनेही आली. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला लावलं. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले आणि घरचे आजार समजून घेऊन परतू लागले. मनोरुग्णालय म्हणजे माणूस टाकून देण्याची जागा, हा समज तिथे मोडला.

दारूच्या बाबतीत दोन स्त्रियांचं ऋण मोठं आहे. चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती ऐन तारुण्यात दारूपायी गेले. बदनामीच्या भीतीने घरात बसून राहण्याऐवजी त्या अमेरिकेत जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या आणि १९८० मध्ये त्यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केलं. तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसाने दोन आठवड्यांच्या वेगळ्या कार्यक्रमाला यायचं, हा नियम पडला. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्या आपल्या डॉ. अनिता अवचट. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या काम करत होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर जे लिहिलं ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पु. ल. देशपांडे फाउंडेशनने मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या. काम पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळलं. तिथे पत्नींचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. नाव मला फार बोलकं वाटतं, कारण त्यात बाईला रुग्णाची नर्स किंवा पहारेकरी ठरवलेलं नाही.

अशा गटात पहिल्यांदा आलेली बाई नवऱ्याबद्दल बोलायला येते. किती पितो, काय फोडलं, कुणाला शिव्या दिल्या. गट ऐकून घेतो. मग जुनी कुणीतरी विचारते, “ते झालं. तू जेवलीस का आज?” हा प्रश्न मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकला. त्यावर उत्तर देता न आलेली बाई रडते, आणि तिथून पुढे ती स्वतःबद्दल बोलू लागते: झोप नाही, पाळी अनियमित, बीपीची गोळी चालू, माहेरी तीन वर्षं गेले नाही.

गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी तिथे साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून मोजक्या बैठकींचा उपचार करून पाहिला. ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेतल्या २६ टक्क्यांच्या तुलनेत या गटातले ३६ टक्के पुरुष धोकादायक पिण्याच्या बाहेर आले होते. पण संस्था तिथे थांबली नाही. घरातल्यांच्या त्रासासाठी वेगळा उपचार तिने बेतायला घेतला, तोही डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना देता येईल असा. त्याचा पाया ब्रिटनमधले जिम ऑरफर्ड आणि त्यांचे सहकारी यांच्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीचा. ऐकून घ्या, नीट माहिती द्या, ती व्यक्ती प्रसंगाला कशी तोंड देते ते तिच्याबरोबर तपासा, तिच्या पाठीशी कोण कोण आहे ते शोधा, आणि आणखी काय लागेल ते बघा. पिणारा या खोलीत येण्याची गरजच नाही. तो पीत असतानाही हा उपचार चालू शकतो.

ऑरफर्ड यांनी मेक्सिको, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजातल्या कुटुंबांच्या मुलाखतींवरून दाखवलं की जगभर घरचे तीन प्रकारे तोंड देतात: सोसतात, समोर उभे राहतात, किंवा अंतर ठेवून स्वतःचं आयुष्य उभारतात. त्यातला कुठलाच मार्ग कायम बरोबर किंवा कायम चूक नसतो. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईला देवी म्हणतात, उभी राहणारीला कजाग आणि अंतर ठेवणारीला सोडून गेलेली. समुपदेशनात निदान एक तास तरी हे शिक्के बाहेर ठेवले जातात आणि तिला विचारता येतं की यातलं काय केल्यावर तुझी तब्येत बरी राहते.

घरच्यांनी स्वतःकडे बघितलं तर पिणारा वाऱ्यावर सुटेल, ही सासू-सासऱ्यांची नेहमीची तक्रार. याचं उत्तर न्यू मेक्सिकोतल्या एका अभ्यासात सापडतं. १९९९ मध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी उपचाराला नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना तीन गटांत विभागलं. एकाला अल-अनॉनच्या वाटेने जायला मदत केली. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला अचानक जाब विचारायला शिकवलं. तिसऱ्याला मायर्स यांच्या पद्धतीने तयार केलं: तो शुद्धीत असताना त्याच्याशी चांगलं वागा, वेळ घालवा, प्यायला की शांतपणे बाजूला व्हा, त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्या पदरात पडू द्या, मारहाणीची शक्यता असेल तर आधी स्वतःला सुरक्षित करा, स्वतःच्या मैत्रिणी, काम, आनंद परत मिळवा, आणि तो खचलेला, ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल त्या क्षणी उपचाराचं बोला. तिसऱ्या गटातल्या ६४ टक्के घरांमधला पिणारा उपचाराला आला. जाब विचारणाऱ्या गटात ३० टक्के, अल-अनॉन गटात १३ टक्के. अल-अनॉनचा मूळ हेतू घरच्यांना सावरणं हा आहे, पिणाऱ्याला आणणं हा नाही, त्यामुळे शेवटचा आकडा तिच्या विरुद्ध वाचू नये. पण आरडाओरडा आणि शपथा यांच्यापेक्षा शिकून, ठरवून केलेलं वागणं जास्त उपयोगी पडतं, हे त्यातून दिसतं.

*

दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जिथे मारहाण चालू आहे तिथे नवरा-बायकोला एकत्र बसवून समुपदेशन करणं चुकीचं आहे. ती खोलीत खरं बोलली तर घरी त्याची किंमत मोजते. तिथे आधी तिची सुरक्षितता, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन. “दारू सुटली की मारणं सुटेल” या आशेवर कुणालाही त्या घरात परत पाठवू नये. दारू सोडल्यानंतरही हात उगारणारे पुरुष असतात.

दुसरं, “गाडी पाठवतो, उचलून नेतो, तीन महिने बाहेर दिसणार नाही” असं सांगणाऱ्या जागा आहेत, आणि टेकीला आलेलं घर त्यांना पैसे मोजतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक स्थितीही येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं असेल तर कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत असते. चार दांडग्या माणसांनी उचलून नेलेला माणूस परत आला की त्याचा पहिला राग घरच्यांवर निघतो. घराशी उरलंसुरलं नातंही त्यात जातं, आणि पुढच्या उपचाराचा पाया तर तेच नातं असतं.

*

दिवाळीचे दिवस या घरांना कठीण जातात. बोनस हातात, कंपनीला सुट्टी, चुलतभाऊ गावाहून आलेले, आणि “सण आहे, एक घेतली तर काय होतंय” म्हणणारा एकजण प्रत्येकाच्या नातलगांत असतोच. चांगली केंद्रं सणाआधीच्या पाठपुरावा बैठकीत हे घरच्यांसह बोलून ठेवतात. बोनस कुणाच्या खात्यात जाईल, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो कुणाबरोबर असेल, पत्त्यांचा डाव बसला तर किती वाजता निघायचं, नाही म्हणताना नेमके कोणते शब्द वापरायचे. पाय घसरलाच, ज्याला केंद्रात सगळे ‘स्लिप’ म्हणतात, तर पहिला फोन कुणाला करायचा. आणि घरच्यांनी त्या क्षणी काय बोलायचं नाही, हेही. “सगळं पाण्यात घातलंस” हे वाक्य त्या यादीत वरच असतं.

सणांबद्दलचं एक संशोधन मला या संदर्भात फार मोलाचं वाटतं. वॉशिंग्टनमधले स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी १९८० मध्ये दारूग्रस्त आई-बापांच्या घरांचा अभ्यास मांडला. त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना विचारलं की रात्रीचं एकत्र जेवण, सण, सुट्ट्या, पाहुणे हे सगळं पिण्याच्या सर्वांत वाईट काळात कसं चालायचं. ज्या घरांत दारूने हे नेमही गिळले होते, तिथल्या मुलांमध्ये पुढे दारूचा त्रास जास्त दिसला. जिथे बाप पिऊन पडलेला असूनही जेवण ठरल्या वेळी झालं, सण सणासारखा झाला, तिथे तो तुलनेने कमी दिसला. बाप बाहेरच्या खोलीत पडला असताना पहाटे चारला उठून मुलांना उटणं लावणारी, चकल्या तळणारी, आकाशकंदील टांगणारी आई आपल्याकडे हजारो घरांत आहे. शेजारीण म्हणते, एवढं रामायण घरात आणि हिला दिवाळी सुचते. त्या आईला कुणीतरी सांगायला हवं की तिने केलं ते बरोबर होतं.

आणि दारू सुटलेल्या बापाला याच पहाटे घरात जागा लागते. इतकी वर्षं कंदील मुलाने टांगला, फटाक्यांचे पैसे बायकोने दिले, पाडव्याला ओवाळून घ्यायला तो शुद्धीत नसायचा. आता तो सकाळी अंघोळ करून उभा असतो आणि कुणी त्याला काही विचारत नाही. केंद्रात वर्ष पूर्ण झालं की व्यसनमुक्तीचा वाढदिवस करतात, टाळ्या वाजतात, रुग्णमित्र गळाभेट घेतात. घरी टाळ्या वाजत नाहीत. सोळा वर्षांचा मुलगा त्याच्या हातून कंदिलाची वायर काढून घेतो आणि म्हणतो, तुम्हाला जमणार नाही. कौटुंबिक समुपदेशनात या एका वाक्यावर तासन्‌तास काम चालतं. मुलाला त्याचं मोठेपण हिरावून न घेता पुन्हा मुलगा होऊ द्यायचं असतं, आणि बापाला हक्क न सांगता काम मागायला शिकायचं असतं. एका बापाने ठरवलं की पहिलं वर्ष फक्त बाजारातून सामान आणायचं. यादी बायको देईल, पैसे ती देईल, हिशेब तो परत देईल. त्याला यात कमीपणा वाटला का, असं मी विचारलं. “वाटला,” तो म्हणाला. “पण पिशवीत बाटली नसताना घरी यायला बरं वाटायचं.”

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या सर्वेक्षणानुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांचं पिणं घातक किंवा व्यसनाच्या पातळीचं आहे. व्यसनाच्या पातळीवर पोचलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० जणांपैकी एकाला. या प्रत्येकामागे घरची किमान तीन-चार माणसं धरली, तर मदत न मिळालेल्यांची संख्या किती होते ते कुणीही मांडू शकेल. त्यांची मोजणी अशा अहवालांत क्वचितच होते. केंद्रांना अनुदान खाटांवर मिळतं, बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसलेल्या आईवर मिळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंना आणि परिचारिकांना गोव्यासारखं प्रशिक्षण देता येईल. बचतगटाच्या बैठकीला तशीही वीस बायका जमतात, आणि त्यांतल्या किती जणींच्या घरी हा त्रास आहे हे गावाला माहीत असतं. गावातली बाटली आडवी करायला, म्हणजे दारूचं दुकान बंद पाडायला, मतदान करणाऱ्या बायकांनी संघटित होऊन दाखवलंच आहे. घरात काय करायचं, हे शिकण्याची सोयही त्यांच्यापर्यंत पोचवणं फार अवघड नाही. ठरवलं तर पाहिजे.

केंद्र निवडताना घरच्यांनी विचारावं: आमच्यासाठी तुमच्याकडे काय आहे, पत्नींचा गट आहे का, मुलांशी कोण बोलतं, तो घरी आल्यावर पाठपुरावा किती काळ चालतो. “तुम्ही फक्त पैसे भरा, बाकी आमच्यावर सोडा” असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधावं. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६. दोन्ही फोन घरच्यांनीही करायचे असतात. तो पितो की सोडतो, तो केंद्रात यायला तयार आहे की नाही, हे सांगता येत नसलं तरी चालतं. मला रात्री झोप लागत नाही, एवढं सांगून सुरुवात केली तरी पलीकडचं माणूस पुढचं विचारतं.